पोर्ट पाच

सावद्याला, केळीच्या सोसायटीच्या ऑफिसात
रात्रपाळीला मी आणि सर्व्हर.
डब्यात कळण्याच्या भाकरीचा चतकोर उरलाय.
मे महिना; रात्री एकलाही भिंत हाताला भाजते.

सर्व्हरच्या पोटात एक कार्ड,
कार्डाला आठ पोर्ट, पोर्टांना वायरी,
वायरींच्या टोकाला फोन:
वजनकाटा, लिलावाची शेड, गेट, चेअरमनची केबिन…
पाचवा पार नाल्यापलीकडे, शीतगृहाच्या राखणदारापाशी.

याला माउस लागत नाही.
काळ्या पडद्यावर एक शब्द टाकायचा.
एक आज्ञा कार्ड हुडकते, एक पोर्ट मोजते,
एक ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवते,
बैलाच्या मानेवरचं जू हलवून नीट बसवावं तसं.
आणि एक लाइनीवरचा प्रतिध्वनी खोडते,
नाहीतर रावेरचा व्यापारी भाव सांगून
स्वतःशीच घासाघीस करत बसायचा.

काम झालं की या आज्ञा काही बोलत नाहीत.
बिघडलं तरच बोलतात.
आमचे वडील असेच होते.

सोमवारपासून पोर्ट पाच बिघडलेलं.
नोंदी अशा:
एक दहा, रिसीव्हर उचलला.
एक अकरा, ठेवला.
एक अकरा, उचलला.
नंबर एकही फिरवलेला नाही.
असं तीन वाजेपर्यंत.
बुधवारी काहीच नाही. गुरुवारी पुन्हा.
मी पोर्ट बदलून पाहिलं.
नाल्याकाठी खारीनं कुरतडलेली वायर सापडली,
जोडली, टेप गुंडाळली, वाटलं, हेच.
हे नव्हतं.

आज एक वीसला लाइट गेली.
इन्व्हर्टरनं सर्व्हर धरून ठेवला.
मिनिटभरात यादीत पाचच्या पुढे: उचलला.
मी मॉनिटर चालवला.
पडद्यावर दोन पट्ट्या, जाणारा आवाज, येणारा आवाज.
जाणारी ताठ: आमचा डायल टोन,
चारशेचा सूर, त्यावर पंचवीसची थरथर.
येणारी अगदी आखूड.
वाढते, कमी होते.
वाढते,
कमी होते.
आज्ञेला एक अक्षर जोडलं असतं तर ऐकूही आलं असतं.
जोडलं नाही.
कुणीतरी श्वास घेत होतं, एवढं पट्टीवर दिसत होतं.

सकाळी स्कूटी काढून गेले.
सुभान तडवी हौदापाशी चूळ भरत होते.
काका, रात्री फोन काबरं उचलता?
ते लाजले. टॉवेलानं तोंड पुसत राहिले, पुसून झालं तरी.

"लाइट गेली का कॉम्प्रेसर बंद पडतो, ताई.
दोन तास जनरेटर लावायचा नाही, असा ठराव हाये.
माल काही बिघडत नाही तेवढ्यानं.
पण बारा वर्षं त्याच्या घुमण्यात बसतोय मी.
एकदम गप झालं का कान दुखतात.
मंग फोन उचलतो. तिकडं घुमत असतं.
वाटतं, कोणीतरी जागं हाये.
पण थोड्याच वेळात टूं टूं करून हाकलतं.
ठेवतो. पुन्हा उचलतो.
बिल येतं का त्याचं?"

नाही येत, म्हटलं.

त्या रात्री मी फाइल उघडली,
बऱ्याच खाली, कुणी वाचत नाही अशा ओळीत
डायल टोन किती सेकंद वाजावा ते लिहिलेलं होतं: सोळा.
पोर्ट पाचपुरतं शून्य केलं.
शून्य म्हणजे तिथे, कधीच थांबू नकोस.
जतन केलं. रीलोड केलं.
आज्ञा काही बोलली नाही.

कामाच्या वहीत लिहिलं:
पोर्ट पाच, वायर सैल होती, दुरुस्त केली.

तीन रात्री झाल्या. वीज गेलेली नाही.
एक वाजून गेला की मी यादी मागवते,
पाचच्या पुढे: मोकळा.
अख्ख्या सावद्यात
लाइट जायची वाट बघणारी
मी एकटीच असेन.