पुडी नंबर सतरा

उदगीरच्या प्रयोगशाळेत
रात्रभर क्षारात भिजलेलं गवताचं बी
सकाळी कण्यांसारखं मऊ होतं.
चिमट्यानं तूस सोलायचं,
निळ्या रंगाचा एक थेंब, वर काच,
आणि अंगठ्यानं दाब. फार नाही,
भाकरीचा उंडा पहिल्यांदा दाबतो इतकाच.

बिरादार मॅडम म्हणतात, तुझा हात हलका आहे.
वाकळ शिवून झालाय, हे मी सांगत नाही.

चारशेपट मोठं केल्यावर भिंगाखाली
तोच टाका दिसतो:
पेशीपेशींच्या फटीतून
एकीलाही न टोचता
नागमोडी गेलेला निळा दोरा.
फाटा नाही. गाठ नाही.
रजिस्टरात बुरशी असं लिहायचं
आणि पुढे दोनच रकाने,
आहे. नाही.

सतरा नंबरची पुडी म्हाळप्पानं आणली,
कंधारकडून, एस्टीनं,
घोंगडीच्या टोकाला गाठ मारून.
खुर्ची दिली तर उभाच राहिला.
"वरच्या टेपाडाचं हाय," म्हणाला.
"समदा माळ करपतो, हे हिरवं.
नाकतोडा बी तोंड लावत न्हाई.
पर बी धरल्यावर मेंढरू तिकडं वळलं
की मान हालवतंय, मागले पाय गुततेत,
वरातीतल्या मामावानी.
आजा ह्याला डुलकं म्हनायचा.
तुमच्या पुस्तकात काय म्हनतेत?"

पुस्तकात ते गवत होतं, डुलणं नव्हतं.
शंभर बिया दाबल्या.
सत्त्याण्णवांत दोरा.

मॅडमनी मला सांगितलं, मी त्याला सांगितलं,
मधल्या मध्ये निम्मं बदललं असेल:
हा रोग नाही, मामा.
वाऱ्यावर येत नाही, परागातून येत नाही,
आईच्या बियातून लेकीच्या बियात, एवढीच वाट.
गवत त्याला साखर देतं,
तो पानात कडू कालवतो.
उन्हाळ्यात मुळाला धीर धरायला लावतो.

"म्हंजे घरजावई," म्हाळप्पा हसला.
नाही, जावई दारातून येतो.
हा तर...
मला शब्द सापडला नाही. अजून नाही सापडला.

मग त्यानं बंडीच्या खिशातून
तंबाखूची चपटी डबी काढली, आत दुसरं बी.
त्याच टेपाडाचं, दोन सालांमागचं.
पत्र्याच्या खोलीत, आढ्याला, पत्र्याच्याच डब्यात ठेवलेलं.
"ह्यातलंच औंदा खालच्या पट्टीत पेरलं. उगवलं झकास.
पर नाकतोड्यानं चाळण केली.
मेंढरांनी खाल्लं, एक बी डुललं न्हाई.
बाटलं का काय?"

ओल्या कागदावर शंभरांतलं एक्क्याऐंशी रुजलं.
पांढरी, आखूड, निरोगी मुळं.
दुसरे शंभर मी भिंगाखाली घातले.
निळं काहीच नाही.
फक्त एकात, कडेला,
उसवलेल्या शिवणीत राहावा तसा
तुसभर तुटका तुकडा.

दोन वैशाख पत्र्याखाली.
बी तगलं. सोबती आत मेला,
आणि बी उगवताना
कुणाला काही कळलं नाही.

म्हाळप्पा बराच वेळ डबीचं झाकण
उघडत मिटत राहिला.
मग म्हणाला, "दोनी लागतेत.
मेंढराला डब्यातलं.
टेपाडाला डुलकं, न्हाई तर माती जाईल वाहून."
मॅडमनी ते टिपून घेतलं, इंग्रजीत.

संध्याकाळी रजिस्टर भरताना
डबीच्या बियांपुढे अडले.
आहे लिहिता येईना. नाही लिहिलं तर
तो तुकडा कशाचा?
दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर
पेन्सिलीनं लिहिलं: होता.
मॅडम खोडतील. खोडू देत.

इतक्यात लाइट गेली.
फ्रीज थरथरून गप्प झाला,
आत लशी, रसायनं आणि सतरा नंबर.
बाहेर अजून बेचाळीस अंश.
मी सतरा नंबर घट्ट बुचाच्या बाटलीत भरला,
बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरली
आणि बसून राहिले,
हाताखाली वाळू गार आहे का
दर थोड्या वेळानं बघत.