कान्सेलार

माद्रिदच्या सातव्या मजल्यावर
आम्ही तो पडदा रंगवला.
शेवटी दोन बटणं: एक निळं, एक राखाडी.
निळ्यावर 'पुढे'.
राखाडीवर 'कान्सेलार', म्हणजे रद्द.
इतकं सरळ, की चर्चाही झाली नाही.

मग चिलोएहून आकडे आले.
बेटाबेटांमधल्या होड्यांची तिकिटं काढणारी माणसं
शेवटच्या पायरीपर्यंत यायची,
आणि शंभरातली एकेचाळीस रद्द करून मोकळी.
"धरसोड वृत्ती," आमच्यातला एक म्हणाला.
मीही मान डोलावली. ते इथं लिहून ठेवते.

आपियाओ बेटावर, एल्सिरा मिल्यालोन्कोच्या स्वयंपाकघरात
लोखंडी चूल होती.
चुलीच्या दाराची मूठ तिनं
जुन्या मोज्याच्या लोकरीत गुंडाळलेली.
कुठं धरायचं, मला कुणी सांगितलं नाही.
हातानं आपलं आपण ओळखलं.

मी नियमाप्रमाणं म्हटलं,
मनात येईल ते मोठ्यानं बोला,
परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही.
आणि नियमाप्रमाणंच गप्प बसले.
आमच्या धंद्यात अवघड एवढंच असतं.

तिनं फोन डोळ्यांपासून लांब धरला,
बटाटे सोलून ओला झालेला अंगठा
एप्रनला दोनदा पुसला.
शनिवार निवडला. आचाओचा धक्का निवडला.
दोन माणसं, एक पोतं.
"आता पैसे द्यायचे," म्हणाली,
आणि राखाडी बटण दाबलं.

सगळं पुसलं गेलं.

"दर खेपेला हेच. मी पैसे देते,
आणि होडीवरचा बेनिग्नो म्हणतो, यादीत नाव नाही.
मीच अडाणी, बाई."

दुकानात, दवाखान्यात, लोकरवाल्याकडं,
इथं कान्सेलार म्हणजे पैसे भागवणं.
बिल कान्सेलार करायचं. उधारी कान्सेलार करायची.
भाषा माझीच, आईच्या दुधातली,
पण समुद्र ओलांडताना शब्दानं कूस बदलली
आणि मला पत्ताही नव्हता.
ती इमानानं चुकतं करत होती.
चुकत होते मी.

सांगायचं नसतं, तरी सांगितलं.
ती हसली नाही. चुलीत एक लाकूड सारलं.
"हे शब्द ठरवतं कोण?"
मी.
"तिथून?"
तिथून.

रात्री बटणावर 'पागार' लिहिलं,
दुसऱ्यावर 'मागे फिरा'.
दहा मिनिटांचं काम.
आकडे सुधारतील, सातव्या मजल्यावर केक कापतील.
शनिवारी बेनिग्नोच्या यादीत तिचं नाव होतं का,
ते पाहायला मी थांबले नाही. शुक्रवारचं विमान होतं.

निघताना तिनं
उकडलेले जांभळे बटाटे फडक्यात बांधून दिले.
विमानात, अंधारात, एका हातानं
मी गाठीचं बाहेर राहिलेलं टोक ओढलं.
सुटली.