वाळवीची जागा

पंचवटीत, सरदार चौकामागच्या गल्लीत,
मी गायधनी गुरुजींच्या वह्या स्कॅन करते.
लाल बासनं, उभी लांब पानं,
आधी मोडी, मग बाळबोध, मग बॉलपेन.
पानाला अडीच रुपये, वीज असेल त्या दिवशी.

मशीन मोडी वाचतं. माझ्यापेक्षा चांगलं वाचतं,
हे आधीच कबूल करते.
गोदू की गेंदू, हे त्याला एका झटक्यात कळतं,
मला चष्मा पुसावा लागतो.

फक्त वाळवीने खाल्लेल्या जागी ते थांबत नाही.

देसले, कासारे, तालुका साक्री.
शके अठराशे चौतीस. मुलगे तीन: दगडू, सुका,
आणि तिसऱ्याच्या जागी भोक,
त्यातून खालच्या पानावरचं कुणाचं तरी आडनाव डोकावणारं.
मशीनने लिहिलं, महादू.
दगडू-सुकाइतकंच ठळक.

पितृपक्षात हिंमतराव देसले आले.
पडद्यावरचं नाव बोटाने दोनदा वाचलं.
"हा तर आम्हाला ठाऊकच नव्हता," म्हणाले,
आणि रामकुंडावर जाऊन महादूच्या नावाने पिंड दिला.
सून दिवस भरत आलेली, लांब पायरीवर बसून होती.
कावळा लगेच शिवला, तिनेच सांगितलं.
कावळ्याला काय, भात तो भात.

मी मूळ पान काढलं. भोक होतं तिथेच.
सातपूरला फोन लावला, कंपनीत.
निनाद नावाचा मुलगा, नम्र.
"मॅडम, एक्याण्णव टक्के खात्री होती त्याची."
मग ते एक्याण्णव कुठे लिहिलंय?
"ते आतल्या आत असतं."
आमच्याकडे आतल्या आत फक्त पाणी मुरतं.

गुरुजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं.
त्यांनी आजोबांच्या हातचं एक पान उघडलं.
नावाच्या जागी आडवी रेघ, आणि खाली बारीक अक्षरात,
"सांगणारास आठवेना." त्याखाली सही.
आठवेना, यावरसुद्धा सही केली होती माणसाने.

अशा यंत्रांसाठी नियम होणार आहेत म्हणे,
हरकती मागवल्यात.
फॉर्मवर शेतकी, बँका, दवाखाने असे रकाने.
मी "इतर"वर खूण केली आणि लिहिलं:
अंदाज असेल तर अंदाज म्हणावं, वेगळ्या शाईत.
खाली सही हवी, पत्ता असलेल्या माणसाची,
ज्याच्या दारात देसले जाऊन उभे राहू शकतील.
कायद्याची भाषा मला येत नाही.
पण गोदेला पूर आला की सराफ बाजार
दुतोंड्या मारुतीकडे बघतो: गुडघा, कंबर, छाती.
मारुती पाणी अडवत नाही.
तरी त्याच्याकडे बघून लोक वेळेत माल हलवतात.
तसं काहीतरी, असं लिहून खोडलं,
मग परत लिहिलं.

दिवाळीनंतर धीर करून हिंमतरावांना सांगितलं.
फोनवर बराच वेळ फक्त म्हशीच्या गळ्यातली घंटा.
मग म्हणाले, ताई, उशीर झाला.
नातू झाला. बारशाला तेच नाव ठेवलं.

पुढच्या खेपेला त्याला घेऊन येतील.
मी कोरं पान काढून ठेवलंय.
महादू, आईचं नाव, बापाचं नाव,
बॉलपेनने, त्यांच्याच हाताने, सहीसकट.
आणि शके अठराशे चौतीसच्या त्या भोकाशेजारी
मी लाल पेन्सिलीने रेघ ओढली आहे.
खाली माझं नाव.