कुठला दात?

डिसेंबरात संध्याकाळचे पाच म्हणजे इथं मध्यरात्रच.
गावच्या तलावाशेजारचं गरम कुंड,
एकोणचाळीस अंश,
गळ्यापर्यंत बुडालेली चार डोकी
आणि वाफ इतकी, की कोण कुठलं
ते आवाजावरून ओळखायचं.

कदाचित म्हणूनच बोलले.
हालमुंडुर कॉड माशाच्या भावाचं काही सांगत होता,
मध्येच मी म्हणाले,
एकोणीस वर्षं झाली,
दातांच्या डॉक्टरकडे गेलेली नाही मी.

कुणी काही बोलेना.
पंप तेवढा गुरगुरत होता.

म्हटलं, सांडलंच आहे तर सगळंच सांडू दे.
की मी डाव्या बाजूनं जेवते.
की फोटोत ओठ मिटून हसते
आणि लोक म्हणतात, सोलरून किती गंभीर.
की दाढेत लवंग धरून
रात्री बर्फ काढायची गाडी चालवते, घाटातून,
कडा कोसळतो त्या वळणावरही हात कापत नाहीत,
आणि दवाखान्याची पाटी दिसली की
दातखीळ बसते. अक्षरशः.
वादळानं रस्ता बंद आहे, असं कळवून
दोनदा वेळ रद्द केली.
रस्ता उघडते ती मीच.

सात वर्षांची होते.
तेव्हा डॉक्टर रेक्याविकहून बोटीनं यायचा,
शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत खुर्ची मांडायचा.
भुशाचा वास, आणि त्यात तो दुसरा.
म्हणाला, दुखलं तर हात वर कर.
मी केला.
म्हणाला, खाली घे.

बस. एवढंच.
सांगताना माझी मलाच ती गोष्ट इतकी लहान वाटली
की पाण्याखाली जावं आणि वर येऊ नये.

हालमुंडुरनं दात काढले.
दोष नाही त्याचा, त्याला वाटलं हसायची जागा आहे.
मग स्वतःचा दात काढल्याची गोष्ट काढली:
ट्रॉलरवर, इंजिनघरात, पकडीनं,
अर्धी बाटली पोटात, अर्धी जखमेवर.
आम्ही ती शंभरदा ऐकलेली.
पण पकडीपाशी आल्यावर त्याचा आवाज पडला.
"खरं म्हणजे," तो म्हणाला,
"बंदर दोन तासांवर होतं. डॉक्टर होता तिथं."
आणि पाण्यात बघत बसला.

"कुठला दात?"
हे चेस्वाफनं विचारलं,
मासळीच्या कारखान्यातल्या त्या पोलिश पोरानं,
आमच्या भाषेतले त्याला येणारे चाळीस-पन्नास शब्द,
त्यातले दोन.
एकोणीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी विचारू दिलं नव्हतं.

खालचा. उजवा. शेवटून दुसरा.
त्यानं पाण्यातून हात काढला,
स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. इथं?
इथं.
नकाशावर गाव सापडावं तशी मान हलवली त्यानं.
पुढं काहीच बोलला नाही.

थोर्दिस टपाल वाटते. तिनं सरळ तारीखच ठरवली.
"गुरुवारी मी रजा घेते. त्या खोलीत बसते.
तोंडाकडे नाही बघणार, तुझ्या हाताकडे बघेन.
वर गेला की त्यानं थांबायचं."
आणि नाही थांबला तर?
"माझा आवाज ठाऊक आहे ना तुला."
खाडीपलीकडच्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

बुधवारी रात्रभर पडला बर्फ.
पहाटे चारला गाडी काढली,
आधी घाट, मग शाळा, मग धक्का,
मग दवाखान्यासमोरचा रस्ता.
तो तीनदा काढला. डांबर दिसेपर्यंत.
चौथ्यांदा काढायला काही उरलंच नाही.

नवाला पाच कमी. इंजिन चालूच ठेवलंय,
लवंग कधीच चावून संपली.
वायपरच्या प्रत्येक फेऱ्यागणिक
काचेपलीकडे लाल जाकीट
दिसतं, पुसतं, दिसतं.
थोर्दिस मुठीनं ठोकतेय.
"दार उघड, सोलरून.
आत्ता फक्त दार."