पाठमोरी

सामना मी पाहिला नाही.
म्हणजे होते तिथेच, दीड तास,
कोपरखैरण्याच्या मैदानावर, रेषेपासून चार पावलांवर,
पण पाठ मैदानाकडे
आणि पोटावर बास ड्रम, माझ्याहून गलेलठ्ठ.
त्याच्या कडेवरून दिसायचा मढवी मास्तरांचा हात,
हातामागे सिमेंटच्या पायऱ्या.

मास्तर दिव्याचे. हळदी-वरातींत उभा जन्म गेलेला.
"मैदानान काय बी होवं," म्हणायचे,
"आपून वाजवाचा."
लाल कोटही त्यांच्याच बँडचे,
पाठीवर जरीत नाव, खाली मोबाइल नंबर.
दोन्ही संघांना सबंध दुपारभर दिसत होती
लग्नाची जाहिरात.

पायऱ्यांवर सत्तरएक माणसं,
निम्मी हजेरीच्या धाकाने आणलेली.
माना मोबाइलमध्ये. एक मुलगी चक्क जर्नल उतरवत होती.
सगळ्यात वर घुगे वॉचमन, मांडीवर रिकामा डबा.
एमआयडीसीकडून वारा येत होता, जळक्या रबराचा.

आम्हाला तीनच चाली येत.
एक पंधरा ऑगस्टची.
एक कुठलीशी इंग्रजी, जिचं नाव मास्तरांनाही ठाऊक नव्हतं.
आणि तिसरी हळदीची,
जी प्राचार्यांनी बंद केली होती.

पहिला गोल आमच्यावर झाला
तो मला मास्तरांच्या मिशीवरून कळला.
दुसरा कळलाच नाही.
मध्यंतरात रेहाना मुकादम सुजल्या ओठाला
बर्फाचा गोळा लावून बसली, काला खट्टा,
आणि तिचा ट्रंपेट त्यानंतर जांभळा वाजला.

मग केव्हातरी,
साठाव्या मिनिटाला असेल नाहीतर सत्तराव्या,
कुणीतरी वैतागून लाथाडलेला चेंडू
कोपऱ्याकडून तिरपा आला
आणि ड्रमच्या डाव्या तोंडावर बसला.

धुम्म.

मी न मारलेला ठोका.
तोही दोन मात्रांच्या मधे, जिथे काहीच नसतं.

सगळं गप्प.
आधी घुगे हसले. मग पायऱ्या हसल्या.
माना वर आल्या एकेक,
डबक्यातून बेडूक वर यावेत तशा,
आणि सगळ्यांनी पहिल्यांदा आमच्याकडे पाहिलं.

मास्तरांनी ते हेरलं.
थकल्या वऱ्हाडाला पहाटे दोनला नाचवलेला माणूस,
त्याला कळतं बोटं केव्हा शिवशिवतात.
त्यांनी हात वर केला.
तीन बोटं.
प्राचार्य पहिल्याच रांगेत होते.

रेहानाने फुटका ओठ लावला.
पहिला सूर घसरला, दुसऱ्याने त्याला सावरून घेतलं,
आणि मी ठोका टाकला तर परत आला तो दुप्पट,
जर्नलवरून, डब्यावरून,
चपला काढून पायरीवर आपटणाऱ्या अकरावीच्या पोरांकडून.
आता मी वाजवत होते की ते मला वाजवत होते, सांगता येत नाही.
पाठीमागे बुटांचा आवाज बदलला होता.
आमच्या तालात पडत होते असं म्हणणार नाही,
पण मघाशी ते जमिनीवर पडत होते,
आता जमीन सोडत होते.

मग सत्तर तोंडं एकदम उघडली
आणि त्यांतून आवाज यायच्या आधी
एक इवलासा वेळ गेला.
तेवढ्या वेळात मी गोल पाहिला.
मास्तरांचा हात थांबला नाही.
प्राचार्य उभे होते आणि आपण उभे आहोत
हे त्यांना अजून कळायचं होतं.

नळावर पाणी पिताना मी भावेश तांडेलला विचारलं,
किती झाले?
"हरलो ना. दोन-एक," तो म्हणाला, दात काढून,
आणि ओल्या बोटांनी नळावर
तोच ठेका धरला, जरासा चुकीचा.

ड्रमच्या डाव्या तोंडावर मातीचा गोल ठसा राहिला होता.
मी पुसला नाही.
गुरुवारी मास्तरांनी पुसला.
ऐरोलीत हळद होती.