पाचव्या दिवशी समुद्र

फत्तेमारी हर्णैहून निघाली, असं पहिलं वाक्य लिहिलं
आणि नळाला पाणी आलं.
आमच्याकडे ते पाचव्या दिवशी येतं, रात्री अडीचला,
म्हणून बारा खलाशी तसेच उभे ठेवले
आणि पिंप भरलं, दोन कळश्या, घंगाळ,
शेवटी चहाचं पातेलंसुद्धा.
परत येऊन बसले तर वारा पडलेला.

मी समुद्र पाहिलेला नाही.
हिप्परग्याचा तलाव पाहिलाय,
उन्हाळ्यात त्याच्या मधोमध शेळ्या चरतात.
शब्द मात्र जमवले होते, बिडीची पानं भिजवून
फडक्यात गुंडाळून ठेवतात तसे,
नाळ, सुकाणू, परबाण, आलात.
डोलकाठीची उंची मिलच्या चिमणीवरून घेतली,
मग निम्मी केली.
तरी जास्तच वाटते.

भूत हवं होतं.
आधी बुडालेली नवरी लिहिली, ओले केस, उलटी पावलं.
खोडली. ओल्या फळीवर उलट्या पावलांनी ती घसरेलच की.
मग मुंडकं नसलेला फिरंगी.
त्याला बोलता येईना.

तिसऱ्या रात्री, म्हणजे कथेतल्या,
तांडेल इब्राहिम होडेकरने माणसं मोजली.
तेरा भरली.
पुन्हा मोजली, बारा.
संध्याकाळी शीड वीतभर फाटलं होतं,
सकाळी सांधलेलं दिसलं.
सुई लागलेली नव्हती. सूत सुताला जोडलेलं
आणि गाठ अशी, जी होडेकरने चाळीस वर्षांत
एकाही बंदरावर पाहिली नव्हती,
अंगठ्याला कळते, डोळ्याला नाही.

इथे पेन खाली ठेवलं.
ही गाठ मला येते.

राजमल्लू मामाने शिकवली होती.
एक वळसा, नखाने दाब, जराशी थुंकी, ओढ.
माग थांबायच्या आत, म्हणायचा.
माग तेव्हा बंद होऊन सहा वर्षं झाली होती.
शेवटच्या वर्षी मिलीत नुसतं जाड कापड निघायचं.
कुठे जातं, म्हणून त्याने जॉबरला विचारलं.
शिडाला, म्हणाला जॉबर, आणि पुढे गेला.
मामाने घरी येताना एक धोटा आणला होता,
देवाच्या फळीवर मार्कंडेयाशेजारी ठेवलेला,
दोन्ही टोकांना लोखंड, पोटात रिकामी कांडी.
मी पाहिलेली होडी ती तेवढीच.

चौथ्या रात्री होडेकर कंदील घेऊन चढला.
परबाणावर पाठमोरा माणूस, लुंगी, बनियन,
केसांत सुताचा कचरा.
दोर धरायची त्याची रीत खलाशाची नव्हती.
शिडावरून हात फिरवत होता,
आपण विणलेलं दुसऱ्याच्या अंगावर दिसावं आणि
ओळख द्यावी की नाही, कळू नये, तसा.

कोण?
नेने.

होडेकर चक्रावला. नेने? गुहागरचे की मुरूडचे?
बनियनच्या गळ्यातून जानवंही दिसत होतं.
भटजी या वाऱ्यात, इतक्या उंचावर, कशाला?
त्याला कोण सांगणार की तेलुगूत नेने म्हणजे मीच,
रात्रपाळीहून आलेला माणूस
कडी वाजवून आतल्यांना सांगतो तसं.

खरं तर इथे भीती वाटायला हवी.
तीन वेळा लिहून पाहिलं, येत नाही.
कंदील विझवला, घुबड आणलं,
समुद्रात घुबड नसतं, काढून टाकलं.

मामाने खाली पाहिलं, बराच वेळ.
एवढं पाणी, म्हणाला. जातंय किती वाजता?
जात नाही, म्हणाला होडेकर.
मामाने ते काही खरं धरलं नाही.

पहाटे खलाशी उठले तेव्हा
जहाजावरचं प्रत्येक भांडं काठोकाठ भरलेलं होतं,
पिंप, बादल्या, डाळीचा टोप, कुणाचा तरी पितळी तांब्या,
सगळं खारं पाणी,
चहाचं पातेलंसुद्धा.