नीळ

मी एरवी घंटागाडीचा आवाज रेकॉर्ड करतो.
ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा,
वॉर्ड बदलला की एक नाव बदलतं, बाकी तेच.
म्हणून प्रसेनजित गजभिये गिटार घेऊन आला
तेव्हा आधी विचारलं, किती मिनिटांचं?
म्हणाला, संपेल तेव्हा संपेल.

मे महिना. इंदोऱ्यातली माझी दहा बाय बाराची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे, खिडकीला गादी.
कूलर चालू ठेवला तर माइकमध्ये पाणी ठिबकतं,
बंद केला तर माणसं पडतात.
आम्ही कूलर बंद केला.

मोमीनपुऱ्याचा इश्तियाक, वरातीत ड्रम वाजवणारा,
पहिले दोन दिवस त्याचा प्रत्येक ताल
नवरदेवाला घोड्यावरून उतरवूनच थांबायचा.
चारुलता उमाठे वीज मंडळातून अर्धी सुट्टी टाकून यायची,
बेस खांद्याला लावला की बोलायची नाही.
अजनीचे डेस्मंड अंकल, मालगाडीचे रिटायर्ड गार्ड,
माउथ ऑर्गन धुतलेल्या फडक्यात गुंडाळून आणत
आणि प्रत्येक टेकनंतर दार उघडून बाहेर डोकावत,
झेंडी दाखवायची राहून गेल्यासारखे.

ब्लूज म्हणजे नेमकं काय, मी विचारलं.
उदास, चारुलता म्हणाली. दिवसभरातला तिचा एकच शब्द.
प्रसेनजित तार पुसत होता.
"आमच्याकडं निळा उदास नसते ना दादा.
दीक्षाभूमीवर जायच्या आदल्या दिवशी
माय बादलीत नीळ कालवते, पांढऱ्या लुगड्यासाठी.
जास्त झाली तर डाग, कमी झाली तर पिवळं.
बोट बुडवून पाहते, मंग आणखी एक चिमूट.
तेवढीच टाकाची आहे मले याच्यात."

तो प्रत्येक ओळ दोनदा म्हणायचा.
मी म्हटलं, रिपीट झालंय, कापू?
"राहू दे बे. आमचं एकदा सांगून
कोणी ऐकलं कधी?"

आणि एक सूर होता.
दोन पट्ट्यांच्या मधला, ज्याला स्वतःचं घर नाही.
तार वर ढकलत तो तिथं पोचायचा,
थांबायचा,
मग हळूहळू हात सैल करायचा.
पेटी शिकलेला माणूस मी, म्हटलं, हे बेसूर आहे.
"मिलचा भोंगा असाच उतरे," तो म्हणाला.
"मी फाटकाजवळ उभा राहो. भोंगा खाली आला
की बाप दिसे."

चौथ्या गाण्यात डेस्मंड अंकलना भोवळ आली.
इश्तियाकनं एका हातानं ताल धरून
दुसऱ्या हातानं कूलरचं बटण दाबलं.
कुणी थांबलं नाही.
घरघर आत शिरली, मागोमाग ओल्या वाळ्याचा वास,
तो मात्र टेपवर येत नाही.
प्रसेनजितनं कूलरचा सूर शोधला, त्यावर टेकला,
आणि पुढची दोन मिनिटं
पाच जण वाजवत होते.
ते मी साफ केलं नाही.

तीनशे प्रती काढल्या. एकेचाळीस गेल्या.
त्यातल्या सहा वीज मंडळात, एक जबलपूरला,
डेस्मंड अंकलच्या बहिणीकडे.
घंटागाडी रोज सकाळी माझाच आवाज लावून जाते,
तिला एवढे श्रोते आहेत.

पहिली प्रत त्याच्या मायला ऐकवली, मी होतो तिथं.
चूलघराच्या उंबऱ्यावर बसून ती लसूण सोलत होती.
तीन गाणी झाली, टरफलं वाढली.
कूलर आला तेव्हा म्हणाली, पाणी भरलं नाही का त्यात?
मग तो सूर आला.
वर चढला, थांबला, उतरायला लागला.

ती उठली. हात पदराला पुसले.
मोठा गंज उचलून गॅसवर चहाचं आधण ठेवलं,
मग आमच्याकडं वळून,
"पाच वाजले काय रे?"

रात्रीचे साडेदहा झाले होते.
मिल पडून तिथं आता पार्किंग आहे.
कुणी काही बोललं नाही.
प्रसेनजितनं गाणं मागं घेतलं,
पहिल्या ओळीपासून.